दाखल्याची चिठ्ठी

‘खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला मराठी शाळांतल्या मुलांनी फार पूर्वीच एक रामबाण उत्तर शोधून ठेवलेलं आहे. शब्द आला ‘किंकर्तव्यमूढ’, की वाक्य तयार : बाईंनी आम्हांला ‘किंकर्तव्यमूढ’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. व्याकरणात खोट नाही, शब्द वाक्यात आहे, अर्थाचा मात्र पत्ता नाही. बाई रागावतात, पण गुण नेमके कशासाठी कापायचे हे त्यांनाही सांगता येत नाही. त्याच प्रश्नपत्रिकेत पुढे ‘संदर्भासहित स्पष्टीकरण द्या’ असतं आणि तिथे ही चलाखी चालत नाही. ती ओळ दुसऱ्या कुणाची असते, कुणीतरी कुणाला तरी उद्देशून म्हटलेली असते, आणि तिच्यातला शब्द आपल्या सोयीने वळवता येत नाही.

शब्द शिकवण्याच्या या दोन रीती झाल्या. एकीत वाक्य बनवायचं, दुसरीत शोधायचं. कोशकारांचीही हीच दोन घराणी आहेत. शब्दाशेजारी साहित्यातली खरी ओळ ठेवून अर्थ सांगायची पद्धत आज आपण गृहीत धरतो, पण ती सहजासहजी रुजलेली नाही. कोशातल्या अशा ओळीला कुणी अवतरण म्हणतं, कुणी उदाहरण. मला ‘दाखला’ बरा वाटतो, कारण उत्पन्नाच्या किंवा जन्माच्या दाखल्यासारखाच हाही कुणी शंका घेतल्याशिवाय काढावा लागत नाही. या दाखल्याचा वंश शोधत मागे गेलं की प्रत्येक पिढीपाशी कुणीतरी शंका घेणारा भेटतो, आणि साक्षीला कुणाला बोलवायचं यावरून झालेली भांडणंही भेटतात.

पहिला शंकेखोर कौत्स. वेदमंत्रांना अर्थच नाही, असं या आचार्याचं म्हणणं. ते आपल्याला कळतं ते यास्कामुळे, कारण त्याने ‘निरुक्ता’त ते मांडून खोडून काढलं. यास्काचा काळ साधारणपणे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आगेमागे धरतात. तोवर ऋग्वेदातले कितीतरी शब्द बोलण्यातून नाहीसे झाले होते. यास्कासमोर ‘निघंटु’ ही शब्दयादी होती. तिचे अध्याय पाच : पहिल्या तिनांत समानार्थी शब्दांचे गट, चौथ्यात अवघड सुटे शब्द, पाचव्यात देवतांची नावं. पाठांतराला ही यादी उत्तम, पण कौत्साला उत्तर द्यायला तिचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणून यास्क यादीतला शब्द उचलतो, त्याची व्युत्पत्ती सांगतो, कधी एकाच शब्दाच्या दोन-तीन सांगतो, आणि मग तो शब्द ज्या ऋचेत आला ती ऋचाच पुढे ठेवतो. अशा दाखल्याला त्याच्याकडे नावही आहे : ‘निगम’. शिवाय त्याने एक नियम घालून दिला की संदर्भापासून तुटलेल्या, एकट्या पदाचं निर्वचन करू नये. त्याच्या व्युत्पत्त्यांपैकी पुष्कळ आज कुणी मानत नाही. दाखले मात्र आजही जागच्या जागी उपयोगी पडतात. सिद्धांत शिळा होतो, पुरावा होत नाही.

पुढच्या कोशकारांनी हा नियम फारसा मनावर घेतला नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईकच वेगळं होतं. अमरसिंहाचं ‘नामलिंगानुशासन’, म्हणजे आपला अमरकोश, तीन कांडांचा आणि दीड हजाराच्या आसपास श्लोकांचा. त्यात दाखला एकही नाही. श्लोक तोंडपाठ असला की कवीला वृत्तात बसेल तो पर्याय हाताशी मिळत होता, आणि हवं होतं तेवढंच. दाखले नंतर टीकाकारांनी भरले. अकराव्या शतकातला क्षीरस्वामी शब्द कुठे कसा आला याचा हवाला देतो. पाठशाळेत मात्र पोरं आधी अमरकोश घोकत आणि मग काव्याला हात घालत. शब्द आधी भेटे, त्याचं घर नंतर. शिवकाळात रघुनाथपंतांनी रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ही श्लोकांतलाच. फारसी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द नेमून द्यायचा होता. दाखल्याचा प्रश्नच नव्हता. जिथे राजाज्ञा आहे तिथे पुरावा कोण मागतो?

वाक्य बनवणाऱ्या घराण्याचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे हेमचंद्र. बाराव्या शतकात, अणहिलवाड पाटणच्या चालुक्य राजांच्या आश्रयाने या जैन आचार्याने व्याकरण, काव्यशास्त्र, कोश असं अफाट लेखन केलं. त्याच्या ‘देशीनाममाले’त संस्कृतापासून सिद्ध होत नाहीत असे प्राकृतातले देशी शब्द आहेत. मराठीतल्या कित्येक घरगुती शब्दांचे पूर्वज शोधायला अभ्यासक आजही त्याच्याच दारात जातात. मांडणी पाहून थक्क व्हायला होतं : आद्याक्षराचा क्रम, आणि त्याच्या पोटात शब्दात अक्षरं किती त्याप्रमाणे क्रम. पण उदाहरणं? ती त्याने स्वतःच रचली. एका ओळीने लावलेले चार-सहा शब्द एकाच गाथेत कोंबायचे, आणि जमल्यास त्यातच कुमारपाल राजाची स्तुती उरकायची. तेल काढण्याचा एखादा शब्द, एखाद्या झुडपाचं नाव, वेडगळ माणसाला म्हणायचा शब्द आणि राजाचा पराक्रम, सगळं एकाच गाथेत नांदवायचं म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. 1880 साली मुंबई संस्कृत मालेत हा ग्रंथ संपादून काढताना रिशार्ड पिशेल या जर्मन पंडिताचा धीर सुटला. या गाथांना एक तर अर्थ नाही, नाहीतर त्या अविश्वसनीय इतक्या बाष्कळ आहेत, अशा आशयाचं त्याने प्रस्तावनेत लिहून ठेवलं. मला पिशेलची कीव येते, पण हेमचंद्राचीही बाजू आहे. गाथा म्हणजे त्याच्या लेखी घोकायची खुंटी होती. तिला पुरावा म्हणून तपासायला सातशे वर्षांनी कुणी येईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. शाळकरी मुलाचं ‘बाईंनी सांगितला’ हे वाक्य या परंपरेत अगदीच उपरं नाही.

महानुभावांकडे मात्र ‘संदर्भासहित’ पद्धत तेराव्या शतकापासून पंथाच्या शिस्तीसारखी रुजली. चक्रधरांची वचनं केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त संकलित केली, ती इतकी त्रोटक की एकटं सूत्र हातात घेतलं तर काहीही अर्थ काढता येईल. म्हणून कोणतं वचन कुणाला, कुठल्या प्रसंगी म्हटलं हे सांगणारं ‘प्रकरणवश’ तयार झालं. सूत्र म्हणायचं आणि त्याचं प्रकरणही म्हणायचं. यास्काचा नियम या मंडळींनी वाचला होता की नाही कुणास ठाऊक, पण पाळला त्यांनीच.

युरोपात हे भांडण पुस्तकाच्या व्यापारातून आणि देशाभिमानातून उभं राहिलं. फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने 1612 साली इटालियन कोश काढला, त्यात दांते, पेत्रार्क, बोकाचिओ यांची साक्ष काढली. म्हणजे चौदाव्या शतकातली फ्लॉरेन्सची भाषा हीच खरी, बाकीच्यांनी तिच्यापुढे मान तुकवावी. इटलीतल्या इतर शहरांना हे अर्थातच रुचलं नाही. फ्रेंच अकादमीने 1694च्या आपल्या कोशात लेखकांची अवतरणं मुळी घेतलीच नाहीत. शिष्ट भाषा कशी असते ते ठरवायला आम्ही सभासद समर्थ आहोत, आमचंच वाक्य हे उदाहरण, असा त्यांचा बाणा.

लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी 1746 साली सॅम्युएल जॉन्सनशी करार केला तेव्हा त्याच्यापुढे हे दोन्ही नमुने होते. त्याने इटालियन वाट धरली आणि ती पार बदलून टाकली. गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवले. स्वतः पुस्तकं वाचत सुटला. कामाचा शब्द आला की शिसपेन्सिलीने खाली रेघ, समासात शब्दाचं आद्याक्षर, वाक्याच्या दोन्ही टोकांना खूण. लेखनिकाने ते वाक्य कागदाच्या कपट्यावर उतरवायचं. पुस्तकं बरीचशी उसनी आणलेली, आणि परत जाताना त्यांची दशा पाहून मालक कपाळाला हात लावत. 1755 साली कोश बाहेर पडला तेव्हा त्यात बेचाळीस हजारांवर शब्द आणि सुमारे 1,14,000 अवतरणं होती. शब्दांपेक्षा दाखले अडीचपटीहून जास्त.

जॉन्सनची निवड निष्पक्ष मात्र नव्हती. थॉमस हॉब्सचं राजकारण आणि नास्तिक्य त्याला पटत नसे, म्हणून हॉब्सचं वाक्य कोशात घ्यायचं नाही. हयात लेखक शक्यतो टाळायचे; मैत्रीखातर दोनचार अपवाद. सतराव्या शतकाच्या मध्यापूर्वीची इंग्रजी त्याला शुद्ध वाटे, म्हणून त्याचे बरेचसे साक्षीदार तिथले. जागा वाचवायला त्याने वाक्यं तोडली, आणि तोडताना लेखकाचं म्हणणं क्वचित उलटंही होत असेल, ही कबुली प्रस्तावनेत देऊन टाकली. म्हणजे शब्द शिकता शिकता वाचकाने धर्म, नीती आणि चांगलं गद्यही शिकावं, असा हा डाव. आपल्याकडच्या सुभाषितांच्या वह्या ठेवणाऱ्या पिढीला तो लगेच कळला असता.

यानंतरचं वर्ष लक्षात ठेवण्याजोगं आहे : 1857. नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच या धर्मगुरूने इंग्रजी कोशांच्या उणिवांवर निबंध वाचले. कोशकार हा इतिहासकार आहे, परीक्षक नव्हे. चांगला शब्द, वाईट शब्द हे त्याने पाहू नये, प्रत्येक शब्द कधी जन्मला, कसा वागला, कधी मेला एवढं दाखल्यांनिशी लिहावं, असा त्याचा मुद्दा होता. त्यातून ऑक्सफर्डचा कोश उभा राहिला. जेम्स मरे या संपादकाने 1879 साली सगळ्या इंग्रजी वाचकांना हाक दिली : पुस्तक वाचा, शब्द निवडा, अर्ध्या कागदाच्या चिठ्ठीवर शब्द, वाक्य, पुस्तक, साल, पान लिहून पाठवा. पन्नास लाखांवर चिठ्ठ्या आल्या. 1928 साली शेवटचा भाग निघाला तेव्हा छापलेल्या अवतरणांची संख्या अठरा लाखांवर होती. चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत खुनाच्या आरोपावरून वेड्यांच्या तुरुंगात ठेवलेला एक अमेरिकन डॉक्टर होता. त्याची गोष्ट सगळे सांगतात, सिनेमाही निघाला. मला त्यापेक्षा फिट्झएडवर्ड हॉल जवळचा वाटतो. हाही अमेरिकन. 1846 साली हुगळीच्या मुखाशी जहाज फुटून हिंदुस्थानात अडकला, इथे राहून संस्कृत शिकला, बनारसच्या सरकारी महाविद्यालयात शिकवू लागला, जुने संस्कृत ग्रंथ संपादून छापले. पुढे इंग्लंडमधल्या एका खेड्यात एकटा राहून त्याने आयुष्याची अखेरची वर्षं मरेच्या मुद्रितांवर दाखले भरण्यात घालवली. ज्याने टीकाकारांच्या संगतीत ग्रंथ वाचायची सवय बनारसला लावून घेतली, त्याला हे काम सोपं गेलं असेल.

त्याच 1857 साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली 1831ची. पलटणीत भरती होऊन आलेला जेम्स मोल्सवर्थ, त्याचे साथीदार थॉमस आणि जॉर्ज कॅन्डी हे बंधू, आणि शब्द गोळा करणारे, पारखणारे ब्राह्मण पंडित यांचं हे काम. दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. आजही मराठी लिहिणारा माणूस अडला की मोल्सवर्थ काढतो, आणि एका शब्दासाठी उघडलेला कोश तासाभराने मिटतो. हा शब्द कोकणातला, हा काव्यातला, हा क्वचित कानी पडणारा, अशा खुणा तो करतो. म्हणींना वेगळी खूण, उदाहरणांना वेगळी. पुष्कळदा उदाहरण म्हणून कवितेची ओळ येते, पण बहुतेक वेळा कवीचं नाव नसतं. मुक्तेश्वर आहे की श्रीधर, वाचकाने ओळखावं.

यात हलगर्जीपणा नव्हता. 1831 साली मराठी काव्य मुख्यतः हस्तलिखित पोथ्यांत आणि कीर्तनकारांच्या जिभेवर होतं. अमुक पुस्तक, अमुक पान असा हवाला देण्यासाठी आधी पुस्तक तर छापलेलं हवं! मोल्सवर्थची खरी साक्ष होती ती समोर बसलेल्या माणसाची : हा शब्द तुमच्याकडे बोलतात का, कोण बोलतं, केव्हा बोलतं? म्हणून त्याच्या कोशात बायकांचे, पोरांचे, शेतकऱ्यांचे, नावाड्यांचे शब्द दाटीवाटीने आहेत. ट्रेंचला जे पुस्तकांतून हवं होतं ते याने माणसांकडून घेतलं. त्याचा तोटा असा की शब्दाचं वय कळत नाही. तो सगळ्या मराठीला एकाच दिवशी अंगणात उभं करतो. आजी आणि नात यांच्यातलं अंतर त्याच्या पानावर दिसत नाही.

ते अंतर दिसायला छापखाना लागला. 1829 साली पंडितांनी तयार केलेल्या ‘महाराष्ट्र भाषेच्या कोशा’च्या मंडळीत परशुरामपंत गोडबोले होते. त्यांनीच पुढे 1854 साली ‘नवनीत’ हा मराठी कवितेचा वेचा छापला, आणि दोन-तीन पिढ्यांनी मोरोपंत, वामनपंडित, मुक्तेश्वर तिथे वाचले. कोशकाराने कोशातून उठून कवितेची निवड करावी, यात मला मोठा अर्थ दिसतो : यादी देऊन झाली, आता शब्दांची घरं दाखवू. मग 1869 साली सरकारी मदतीने शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम पंडित यांनी सिद्ध केलेली तुकारामांची गाथा आली. अभंगांना क्रमांक मिळाले. 1898पासून इतिहासाचार्य राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघू लागले, पत्राला लेखांक मिळाला. जुन्या मराठीला आता पत्ता आला, आणि ज्याला पत्ता आहे त्यालाच साक्षीचं समन्स बजावता येतं.

मधल्या काळात पुण्यात संस्कृतासाठी हे काम एका तरुण मास्तराने करून दाखवलं. वामन शिवराम आपटे, जन्म 1858. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक, फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य. त्याआधी जर्मन पंडित ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा सेंट पीटर्सबर्ग कोश 1855 ते 1875 या काळात निघाला होता. तो विद्वानांसाठी, अवाढव्य, वेदापासून सारं कवेत घेणारा. आपट्यांनी 1890 साली जो संस्कृत-इंग्रजी कोश काढला तो विद्यार्थ्याच्या टेबलावर मावणारा होता. रघुवंशासाठी एखादं अक्षर, शाकुंतलासाठी एखादं, उत्तररामचरितासाठी एखादं, आणि त्यापुढे सर्ग-श्लोकाचा आकडा. पण नुसता आकडा नाही; कालिदासाची, भवभूतीची, बाणाची ओळही दिलेली. मॅट्रिकच्या जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीमागे लागलेल्या पोरांना यामुळे एक चमत्कारिक फायदा झाला. शब्द पाहायला गेलं की शाकुंतलाचा तुकडा पदरात पडे. एखाद्या शब्दाच्या दहा अर्थांपुढे दहा ओळी असल्या, तर पान संपेतो अर्धा डझन नाटकं चाळून झालेली असत. संस्कृत ‘येणाऱ्या’ मराठी माणसांच्या दोन पिढ्यांनी कालिदास आधी आपट्यांच्या कोशात तुकड्यातुकड्यांनी वाचला आणि मग पुस्तकात सलग, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती व्हायची नाही. हे सगळं करून आपटे 1892 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले.

मराठीची पाळी आली ती 1932 साली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे केतकरांच्या ज्ञानकोशात तयार झालेले. त्यांच्यासह आबा चांदोरकर आणि चिं. शं. दातार यांनी पुण्यात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड 1938पर्यंत काढले, पुरवणी 1950 साली. एकूण शब्द लाखावर. इथे मराठी कोशात प्रथमच दाखला पत्त्यासकट आणि एवढ्या पैसपणे आला. ज्ञा. म्हणजे ज्ञानेश्वरी, एभा. म्हणजे एकनाथी भागवत, दा. म्हणजे दासबोध, तुगा. म्हणजे तुकारामांची गाथा, ऐपो. म्हणजे ऐतिहासिक पोवाडे. कंसातल्या या दोन-तीन अक्षरांनी मराठीला वय दिलं.

‘चावट’ घ्या. आज हा शब्द ऐकला की आपण एक तर हसतो किंवा भुवया उंचावतो. पण तुकोबांच्या अभंगात ‘चावटी’ आली तर तिच्यात काही आंबट नसतं; ती निव्वळ बडबड, वायफळ बोलणं असते. मोल्सवर्थकडेही ‘चावट’ म्हणजे मुख्यतः वाचाळ, आगाऊपणे बोलणारा. तोंडाळपणाकडून शब्द अश्लीलतेकडे कसा सरकला, ते आजचा अर्थ पाठ करून कळत नाही. जुन्या ओळी ओळीने मांडल्या की मगच तो सरकताना दिसतो.

‘कानडा’ हा याहून वादग्रस्त साक्षीदार. ज्ञानदेवांच्या नावावरच्या सुप्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला हे विशेषण लागलेलं आहे. कानडा म्हणजे कर्नाटकातला, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक. पण जुन्या मराठीत याच शब्दाला दुर्बोध, अगम्य असाही अर्थ आहे. मग तो देव कर्नाटकातून आलेला की न कळणारा? विठ्ठलाच्या मूळस्थानाचा अख्खा वाद या एका विशेषणावर तोललेला आहे, आणि दोन्ही पक्ष दाखलेच पुढे करतात. दोन्ही अर्थ एकाच वेळी खेळवणं कवीला जमतं, कोशकाराला मात्र त्यांना १ आणि २ असे आकडे द्यावे लागतात. दाखल्याची मर्यादा इथे उघडी पडते : शब्द त्या भाषेत अमुक अर्थाने वापरला जाई, एवढं तो सिद्ध करतो, या ओळीत कोणता अर्थ, ते ठरवायला पुन्हा वाचकच लागतो.

शब्दकोशाचे साक्षीदारही वेळेवर पोचले असं नाही. महानुभावांची पोथ्यांतली सांकेतिक लिपी राजवाड्यांनी उकलल्यावर तो वाङ्मयसाठा उजेडात येऊ लागला होता, पण हरि नारायण नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापायला सुरुवात केली ती 1936 साली, म्हणजे शब्दकोशाचे सुरुवातीचे खंड बाहेर पडून गेल्यावर. मराठीतलं सर्वांत जुनं मोठं गद्य, बाजारातलं, विहिरीवरचं, भिक्षेच्या झोळीतलं बोलणं, ऐन साक्षीच्या वेळी दाराबाहेर उभं. ती उणीव शंकर गोपाळ तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या जुन्या मराठीच्या कोशाने पुष्कळ भरली. तुळपुळे 1994 साली गेले. कोश 1999 साली मुंबईत निघाला. त्यात शिलालेखांपासून चौदाव्या शतकापर्यंतची मराठी आहे, आणि प्रत्येक अर्थापुढे ग्रंथाचा पत्ता. मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे तिन्ही कोश आता शिकागो विद्यापीठाने जालावर शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकच शब्द तिन्हींत पाहावा. तिघांच्या साक्षीदारांची जात लगेच ओळखू येते.

आणखी एक साक्षीदार उशिराच आला. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून जास्त आहे, आणि कोण गातं, कुठल्या गावात, याची नोंद आहे. म्हणजे पत्ता आहे. सासर, माहेर, भाऊ, सीता, पंढरी यांच्याभोवती फिरणारं बायकांचं एवढं शब्दभांडार दाते-कर्व्यांच्या हाती लागलं असतं तर त्यांनी सोडलं नसतं, असं मला वाटतं. नवा मोठा मराठी कोश कुणी करायला घेतला तर पहिली उचल इथून करावी.

कर्व्यांचा हात मात्र आणखी एका जागी दिसतो. आपट्यांच्या कोशाची सुधारलेली तीन खंडांची आवृत्ती 1957 ते 1959 मध्ये पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने काढली, तिचे संपादक प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे. मराठीला दाखले लावून झाल्यावर हा माणूस संस्कृताच्या दाखल्यांकडे वळला.

त्या सुमारास पुण्यातच, येरवड्याकडे डेक्कन कॉलेजमध्ये, यास्कापासून मरेपर्यंतच्या सगळ्या वाटा एकत्र येत होत्या. 1948 साली सुमित्र मंगेश कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वावरचा संस्कृत कोश योजला. ऋग्वेदापासून पुढे सुमारे 1,500 ग्रंथ निवडले, आणि शब्दागणिक चिठ्ठ्या लिहायला माणसं बसवली. चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात गेल्या. त्या ठेवलेल्या खणांच्या दालनाला मरेच्या खोलीचंच नाव, स्क्रिप्टोरियम. अमृत माधव घाटगे पहिले प्रधान संपादक. छापील खंड 1976पासून निघू लागले. ऑक्सफर्डला ट्रेंचच्या निबंधांपासून 71 वर्षं लागली. ग्रिम बंधूंनी 1838 साली हाती घेतलेला जर्मन कोश 1961 साली पुरा झाला. याकोब ग्रिम 1863 साली वारला तेव्हा तो ‘फळ’ या अर्थाच्या शब्दापर्यंत पोचला होता. पुण्यातल्या कोशाचे 35 खंड झाले आणि तो अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. याची चेष्टा होते, आणि ती ऐकून घेण्याची सवय तिथल्या माणसांना असणार. पण नकारार्थी ‘अ’ आणि ‘अन्’ लागून झालेले सगळे समास याच अक्षरात येतात, ही गोष्ट चेष्टा करणाऱ्यांच्या ध्यानात नसते.

या चिठ्ठ्या आता संगणकात चढवल्या जात आहेत. एवढे ग्रंथ जालावर असताना चिठ्ठ्या कशाला, असं कुणीही विचारील. संस्कृतात संधी आहे म्हणून. ‘तथापि’मध्ये ‘अपि’ आहे हे साध्या शोधयंत्राला दिसत नाही, आणि पद कुठे तोडायचं यावरच एखाद्या श्लोकाचे दोन अर्थ होतात. चिठ्ठी लिहायला बसलेल्या माणसाला मात्र आधी ओळ लावावी लागली होती, पद सोडवावं लागलं होतं, कोणता अर्थ घेतला ते ठरवावं लागलं होतं, आणि मगच शब्द खणात टाकता आला होता.